बारा फुटांचं वळण

निवृत्त झाल्यावर नव्या तलाठ्यांच्या प्रशिक्षणात बोलायला मला तीन-चार वेळा बोलावलं गेलं. विषय ठरलेला असायचा: शेतरस्त्यांची भांडणं सामोपचारानं कशी मिटवायची. मी बोलायचो, मुलंमुली लिहून घ्यायची, शेवटी शाल-श्रीफळ मिळायचं. हे सगळं मी एका कोतवालाकडून शिकलो, एवढं मात्र मी प्रत्येक वेळी सांगायचो. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं, साहेब किती मोकळ्या मनाचे! त्यापुढचं सांगायची वेळ आली की मी घड्याळाकडं बघायचो. घरीही मी ते सांगितलेलं नाही. पत्नीला थोडा अंदाज आहे, मुलांना तोही नाही. गेली कितीतरी वर्षं मी हे टाळत आलो. आता ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं ती दोन्ही माणसं गेली आहेत, आणि मला बाहत्तरावं लागलं आहे. म्हणून लिहून ठेवतो.

मी नायब तहसीलदार होतो. जालना जिल्ह्यातल्या ज्या तालुक्यात हे घडलं त्याचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. काळ्या मातीचं, मोसंबीच्या बागांचं गाव, एवढं पुरे. नोकरीची शेवटची सहा-सात वर्षं माझ्याकडं रस्त्याच्या केसेस होत्या. मागच्या शेतवाल्याला पुढच्या शेतातून वाट हवी असते, पुढचा देत नाही. मागचा अर्ज करतो, आम्ही नोटीस काढतो, जागेवर जाऊन पाहणी करतो, पंचनामा लिहितो आणि त्यावर तहसीलदार आदेश देतात. कागदावर हे सोपं दिसतं. पण आदेशानं काढलेला रस्ता पहिल्या पावसाळ्यात नांगरून टाकलेला मी अनेकदा पाहिला. दोघांनी मिळून काढलेला रस्ता तेवढा टिकतो. ते मिळून काढणं कसं असतं, ते मला त्या कोतवालानं दाखवलं.

गावात त्यांना सगळे मामा म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. कोतवाल म्हणजे महसूल खात्यातला सगळ्यात खालचा माणूस. नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची, साहेब आले की नकाशाची सुरळी धरून पुढं चालायचं. मामा माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. सडपातळ, कानात बाळी, खिशात कायम अडकित्ता. त्यांच्या गावच्या पहिल्याच पाहणीला मी गेलो, तेव्हा कुणीतरी माझ्यासाठी शेतात खुर्ची आणून ठेवली होती. मामा जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, खुर्चीवर नका बसू. खुर्चीवरल्या माणसाला लोक अर्ज देतेत. मनातलं सांगत न्हाईत."

मी जरा घुश्शातच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो. त्या दिवशी दोन सख्खे भाऊ होते, तीन वर्षं बोलत नव्हते. मी समजुतीचं बोलू लागलो तसं मामांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. भाऊ तासभर भांडले. बापाच्या औषधापासून लग्नातल्या आहेरापर्यंत सगळं निघालं. रस्त्याचं नावही नाही. तासाभरानं दोघंही दमले आणि धाकटा म्हणाला, "दादा, पाणी दे." मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "आता काढा नकाशा."

त्यांच्या काही रीती होत्या. रस्त्याचा पहिला दगड देणाऱ्याच्याच हातानं रोवायचा, घेणाऱ्यानं हात लावायचा नाही. नारळही देणाऱ्यानंच फोडायचा. "त्यानं दिला असं गावाला दिसलं पाहिजे साहेब. त्याच्याकडून काढून घेतला असं दिसलं की रस्ता गेला." दुसरी रीत अशी की जे ठरलं ते जागेवर लिहायचं, मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मगच सह्या-अंगठे घ्यायचे. स्वतः मामांना जेमतेम वाचता येत होतं. पण मी वाचत असताना ते प्रत्येक वाक्यागणिक दोन्ही बाजूंकडं बघत. कुणाच्या कपाळावर आठी पडली की म्हणत, "साहेब, ते परत वाचा." आम्ही दोघांनी मिळून त्या महसूल मंडळात बरेच रस्ते असे सोडवले. कार्यालयात माझं नाव झालं. वरिष्ठ म्हणायचे, याला हातोटी आहे. मी काही बोलायचो नाही.

मग ती केस आली.

मागचं शेत एका चाळिशीतल्या बाईचं होतं. नवरा वारलेला, शेती ती स्वतः करायची आणि उत्तम करायची. पुढचं शेत गावातल्या एका ज्येष्ठ शेतकऱ्याचं. सगळे त्यांना आबा म्हणत. मामांची आणि आबांची लहानपणापासूनची दोस्ती, तरी आबा रस्ता देत नव्हते. पहिल्या पाहणीला बाई आणि आबा समोरासमोर आले तेव्हाचं अजून कानात आहे.

"आबा, पावसाळ्यात माझी मोसंबी डोक्यावरून काढावी लागती," बाई म्हणाली.

"तुझा सासरा जन्मभर धुऱ्यावरून गेला. त्याचे पाय न्हाई मोडले."

"त्यांचे न्हाई मोडले. सासूबाईंचा मोडला. चौघांनी बाजेवर घालून चिखलातून काढलं त्यांना. इचारा गावाला."

"मंग माझी झाडं तोडू का?"

"झाडं हाइत तिकडं वरच्या अंगाला. रस्ता हाय धुऱ्याला. तुमच्या मोसंबीला पाय फुटून ती धुऱ्यावर येऊन राह्यली का आबा?"

बघायला आलेली माणसं हसली. आबा चिडले. "तुमच्या सरकारला नकाशा दिसतो, माणूस दिसत न्हाई," असं मला सुनावून ते निघून गेले. दुसऱ्या पाहणीतही तेच. झाडांचं निमित्त संपलं तेव्हा त्यांनी पाइपलाइनचं काढलं, पाइपलाइनचं संपलं तेव्हा ढोरांचं. मी कंटाळलो. गाडीत बसताना मामांना म्हणालो, "हा माणूस आडमुठा आहे. आदेश काढून मोकळे होऊ."

मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही त्याचे पाय बघितले का?"

"पायांचं काय?"

"धुऱ्यावर त्या बाभळीपाशी आला की चप्पल काढतो. दोन्ही वेळा काढली. एवढ्या उन्हात. आन् त्याच्या पुढं पाऊल टाकत न्हाई, तिथूनच वळतो."

मी दोन्ही वेळा तिथंच होतो. माझ्या हातात नकाशा होता आणि मी नकाशाच बघत होतो.

तिसऱ्या पाहणीला मामा सकाळीच आबांकडं जाऊन बसले होते. मी पोचलो तर दोघं धुऱ्यावर उकिडवे बसून सुपारी कातरत होते. मामा उठून मला बाजूला घेऊन आले. "साहेब, आबा रस्ता देऊन राह्यलेत. फक्त बाभळीपाशी रस्ता बारा फूट बाहेर वळवायचा. वळणाची जागा पण तेच देतेत, त्यांच्याच शेतातून. कारण बिलकुल इचारू नका आन् कागदावर पण कारण लिहू नका. मी शब्द दिलाय."

"बाईला सांगितलं?"

"सांगितलं. ती म्हणती, वळण असू द्या न्हाईतर वेटोळं असू द्या, गाडी निघाली पाहिजे."

कारण मला नंतर आबांच्या मुलाकडून कळलं, पण इथं लिहितो म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. आबांच्या पत्नीला त्या जागी अग्नी दिला होता. मुलं ओटा बांधू म्हणाली आणि ते राहून गेलं. तिथं ना दगड होता ना तुळस. म्हाताऱ्या माणसानं चारचौघांत कसं सांगावं की माझ्या बायकोवरून ट्रॅक्टर नेऊ नका? म्हणून ते मोसंबीचं सांगत होते. त्यांनी ते जन्मात एकाच माणसाला सांगितलं, आणि तेही त्यानं चपलेवरून ओळखलं म्हणून.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक होती. टंचाईचा आढावा होता, माझी हजेरी आवश्यक होती. दीड वाजून गेला होता, ऊन मी म्हणत होतं, वाऱ्यानं कागद उडत होते. मी कोऱ्या कागदाच्या तळाशी आबांची सही घेतली, बाईची घेतली, पंचांच्या घेतल्या. मजकूर कार्यालयात बसून भरू म्हटलं. महसुलात असं करणारा मी पहिला नव्हतो. सगळेच कधी ना कधी करतात आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

मामांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "साहेब, लिहून घ्या ना. वाचून दाखवा, मंग सह्या."

"मामा, तुमच्यासमोरच ठरलंय सगळं. माझ्यावर भरवसा नाही का?"

त्यांनी हात सोडला. आबांनी पहिला दगड रोवला, नारळ फोडला, बाईच्या हातावर खोबरं ठेवलं. बाईनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि पदर डोळ्यांना लावला. मी गाडीत बसलो.

पंचनाम्याचा मजकूर मी लिहिला तो चौथ्या दिवशी. मधले तीन दिवस टँकरच्या मागं गेले. लिहिताना समोर नकाशा होता आणि नकाशावर धुरा सरळ होता. मी लिहिलं: दोन्ही गटांच्या सामाईक बांधावरून सरळ रेषेत. वळण मी जाणूनबुजून वगळलं नाही. ते डोक्यातून गेलं होतं. कारण लिहायचं नव्हतं, आणि कारण नसलेली गोष्ट माझ्यासारख्या कारकुनी डोक्यात टिकत नाही, एवढंच मला त्याचं स्पष्टीकरण देता येतं. आदेशही तसाच निघाला.

महिन्याभरानं जेसीबी लागला. आबा त्या दिवशी भाच्याच्या लग्नाला गेले होते, बाई बाजाराला. मामांना मीच मतदार याद्यांच्या कामावर तालुक्याला बोलावून घेतलं होतं. जेसीबीवाल्यानं आदेशात होतं तसं केलं. संध्याकाळी आबा परतले तेव्हा बाभळ उपटून बाजूला पडली होती आणि रस्ता सरळ गेला होता.

आबांनी तक्रार केली. तक्रारीत त्यांनी एवढंच लिहिलं होतं की वळण ठरलं होतं, कोतवालानं शब्द दिला होता, तो फिरवला. कारण तिथंही लिहिलं नव्हतं.

उपविभागीय अधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावलं. तरुण अधिकारी, नवीनच आलेले, सरळ प्रश्न विचारणारे. त्या आधी त्यांनी माझा लेखी खुलासा मागवला होता. माझ्या पदोन्नतीचा प्रस्ताव तेव्हा वर गेला होता. तहसीलदार होऊन निवृत्त व्हायचं, ही माझी एकच इच्छा उरली होती. कोऱ्या कागदावर सह्या घेतल्याचं निघालं असतं तर प्रस्ताव तिथंच थांबला असता. मी खुलाशात लिहिलं: सदर वळणाबाबत कोतवाल यांनी मला अवगत केले नाही. एकच वाक्य. ते लिहिताना मला सगळं आठवत होतं, मामा मला बाजूला घेऊन गेले ती जागासुद्धा.

ते वाक्य दालनात मोठ्यानं वाचलं गेलं. आबा भिंतीजवळ उभे होते, बाई दारापाशी. मामा माझ्या शेजारी. साहेबांनी विचारलं, "कोतवाल, हे बरोबर आहे? तुम्ही यांना सांगितलं नव्हतं?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "बराबर हाय साहेब. माझ्याकडूनच सांगायचं राह्यलं."

"एवढी महत्त्वाची गोष्ट राहिली कशी?"

"वय झालं साहेब. राह्यली."

आबा पुढं आले. मला वाटलं, ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "तू माझ्याकडून ते काढून घेतलंस आन् तुझ्या ध्यानात राह्यलं न्हाई?" आणि निघून गेले. मामांना लेखी ताकीद मिळाली. माझा पंचनामा कायम राहिला.

परत येताना गाडीत मी विचारलं, "असं का केलंत?"

मामा खिडकीबाहेर बघत होते. "साहेब, ह्या मंडळात जितके रस्ते तुमच्या सहीवर हाइत, त्यातल्या निम्म्याच्या वर रस्त्यांवर लोकांचा अजून जीव बसला न्हाई. एक पंचनामा कोऱ्या कागदावरला निघाला तर सगळे वकिलाकडं पळतील. सगळे रस्ते हलतील. त्यापेक्षा कोतवाल इसराळू निघाला, तर काय व्हतंय?"

काय होतं ते मी पुढं पाहिलं. मामांच्या नावावर शेत नव्हतं, हुद्दा नव्हता. त्यांच्याकडं फक्त शब्द होता. दोन घरांत वाटणी असो, सोयरिक मोडायला आलेली असो, लोक त्यांना बोलावून नेत. त्या उन्हाळ्यानंतर बोलावणी थांबली. कुणी उघड काही बोललं नाही. पारावर गप्पा चालू असल्या आणि मामा आले की विषय बदले. एकदा एका धुऱ्यावर मी त्यांना बोलायला पुढं केलं तर एक पोरगेला शेतकरी सगळ्यांदेखत म्हणाला, "मामा, हे तरी ध्यानात ठिवा बरं का." लोक हसले. मामाही हसले. मी नकाशा उलगडला.

आबांच्या शेतातली वाट मामांनी स्वतः दुरुस्त केली. बाईला भेटून तिला वळणाची अडचण नाही ना, हे पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "मामा, मी माझा ट्रॅक्टर लावते." तिच्या ट्रॅक्टरनं मुरूम आणून, सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन मामांनी ते वळण बांधलं आणि मधली जागा दगड लावून मोकळी केली. बाईनं तिथं तुळस लावली. कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते तिनं बाईमाणसाच्या नजरेनं ओळखलं असावं. रस्ता आजही आहे. पुढं मागच्या आणखी चार शेतांना तो जोडला गेला. मी एकदा पाहिलं, शाळेतल्या मुली सायकलीवरून त्या वळणावर घंटी वाजवत जात होत्या. आबा मात्र मामांशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. एका गल्लीत राहून.

मी तहसीलदार झालो. जी दीड-दोन वर्षं मिळाली ती मानानं केली. माझ्या निरोप समारंभाला मामा आले होते, तोवर ते स्वतःही निवृत्त झाले होते. मागच्या रांगेत बसले, टोपी मांडीवर. तीर्थपुरीच्या बाजारातून माझ्यासाठी घोंगडी घेऊन आले होते. भाषणात मी वरिष्ठांचे, सहकाऱ्यांचे, घरच्यांचे आभार मानले. त्यांचंही नाव घेतलं आणि म्हणालो की या माणसाकडून मी खूप शिकलो. टाळ्या वाजल्या. ते कावरेबावरे होऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले. त्याच वेळी दुसरं वाक्य बोलायचं होतं. गावची दहा-बारा माणसं सभागृहात होती, आबांचा मोठा मुलगासुद्धा होता.

नंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, तेच बोलायचं ठरवून. पहिल्यांदा त्यांनी शेजारपाजारच्यांना बोलावून घेतलं. "हे माझे साहेब. असा साहेब पुन्हा झाला न्हाई." मामींनी चहाबरोबर थालीपीठ दिलं. त्या कौतुकात मी थालीपीठ खाल्लं आणि निघालो. दुसऱ्यांदा आम्ही दोघंच होतो. मी सुरुवात केली, "मामा, त्या पंचनाम्याचं..." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "साहेब, मला तुमचं वाईट कधी वाटलं न्हाई. तुम्ही माझ्याबराबर खाली बसलात. तुमच्या आधी आन् तुमच्यानंतर कुणी बसलं न्हाई." मग म्हणाले, "आबाला मात्र एकदा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्याकडून." मी म्हणालो, पुढच्या खेपेला जाऊ, दोघं मिळून. ते लगेच म्हणाले, "आज चला ना. घरीच असतील." मी म्हणालो, आज उशीर झाला, जालन्याला जायचंय. दिवसाचे अकरा वाजले होते.

त्या हिवाळ्यात आबा गेले. मामा त्यानंतर तीन वर्षं होते. मी गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो? मामा गेल्याचं मला दहाव्यानंतर कळलं.

आज माझ्याकडं जे आहे, पेन्शन, चारचौघांतला मान, लोकांचं ऐकून घ्यायची थोडीशी सवय, त्यात मामांचा हात आहे. सून आणि मुलगा भांडू लागले की मी मध्ये पडत नाही, भांडू देतो. तेही त्यांचंच. त्यांची आठवण आली की आधी बरं वाटतं, मनापासून बरं वाटतं, आणि मग ते दालन आठवतं.

जे मी त्या गावच्या पारावर उभं राहून बोलायला हवं होतं, ते हे.

आबा, मामांनी तुम्हाला दिलेला शब्द मोडला नाही. त्यांनी मला वळणाचं सांगितलं होतं, स्पष्ट सांगितलं होतं, आणि कारण विचारू नका हेही सांगितलं होतं. विसरलो मी. कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या त्या मी, आणि खुलाशात खोटं लिहिलं तेही मीच. तुमचा मित्र तुमच्यासमोर खोटं बोलला तो फक्त एकदाच, आणि ते माझ्यासाठी. तुमच्या घरच्या माणसाच्या जागेवरून यंत्र गेलं, त्याचा दोष माझा आहे. मामा, तुमचं गावातलं नाव मी हिरावून घेतलं आणि तुम्ही ते मला घेऊ दिलंत. तुम्हा दोघांचीही मी माफी मागतो.